भाकड कोणती, दुभती कोणती?

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी मुलांसाठी प्रश्नमंजूषा असते. गेल्या वर्षी त्यात प्रश्न आला, ‘नाशिक हे नाव कशावरून पडलं?’ पाचवीतल्या एका मुलीनं लगेच हात वर करून सांगितलं, ‘लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून.’ एका परीक्षकांनी पूर्ण गुण दिले. दुसरे म्हणाले, छे, ही भाकडकथा. खरं उत्तर नऊ शिखरांचं ‘नवशिख’. मग काय, पार्किंगमधल्या मांडवात, आरतीचं तबक समोर असताना, दोघं काका रामायण घडलं की नाही यावर जे जुंपले ते चांगला अर्धा तास. एकानं मोबाइलवर सेतूचं उपग्रहचित्र काढून फिरवलं, दुसऱ्यानं ‘पुरावा दाखवा’ एवढं एकच पालुपद लावून धरलं. बक्षिसाची कंपासपेटी हातात धरून निवेदक ताटकळला. शेवटी मुलीला अर्धा गुण देऊन तह झाला. एका बाईचं नाक कापलं आणि त्यावरून आपल्या गावाचं नाव पडलं, हे आपण दहा वर्षांच्या मुलीकडून अभिमानानं वदवून घेतो, तेव्हा तिच्या पदरात नेमकं काय टाकतो? त्या अर्ध्या तासात हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही नाही. मला तो घरी जाताना जिन्यात पडला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पुराणकथेला ‘घडलं होतं का?’ हा प्रश्न विचारावा, पण तो पहिला नव्हे. आधी विचारायचं ते हे, की ही गोष्ट कोण कुणाला सांगतंय आणि सांगून काय साधतंय. आमचे दोन्ही काका भांडले खरे, पण मुळात ते एकाच पक्षाचे. गोष्टीची किंमत ती बातमी म्हणून खरी ठरते की खोटी यावर अवलंबून आहे, हे दोघांनाही मान्य आहे. ‘भाकडकथा’ हा शब्दच बघा. भाकड म्हणजे दूध न देणारी गाय किंवा म्हैस. शेकडो वर्षं घरोघर सांगितली जाणारी, जिच्या नावानं मंदिरं उभी राहतात, बाजार भरतात, दंगली होतात आणि निवडणुका लढवल्या जातात, ती गोष्ट भाकड कशी? ती भरपूर दूध देते. ते कुणाच्या बादलीत जातं, हे बघायला गोठ्यात उतरावं लागतं आणि तिथं शेण असतं, म्हणून आपण दारातूनच भांडतो.

गोष्टीला इतिहासाची फूटपट्टी लावणं हीच आपली जुनी रीत, असं अनेकांना वाटतं. मला ती बरीचशी अलीकडची वाटते. श्रावणातल्या कहाण्या आठवा. ‘आटपाट नगर होतं’ म्हटल्यावर ते नगर कोणत्या तालुक्यात, असं एकाही आजीनं कधी विचारलं नाही. कहाणी साठा उत्तरांची असो की पाचा, तिचं काम ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ इथवर पोचवण्याचं, आणि ते सांगणाऱ्या-ऐकणाऱ्या दोघींनाही पक्कं ठाऊक. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तर याचं शास्त्रच केलं. वेदांत ‘वनस्पतींनी सत्र केलं’ असं वाक्य येतं. झाडं यज्ञाला बसली? शबरस्वामींच्या भाष्यात हा आक्षेप उघड मांडलेला आहे आणि उत्तरही आहे. हा अर्थवाद. झाडंझुडपंसुद्धा हे करतात म्हटल्यावर जाणत्या माणसानं किती करावं, असं सुचवून कर्माकडे वळवणारं हे स्तुतिवाक्य. वाक्य काय वर्णन करतं यापेक्षा ते ऐकणाऱ्याकडून काय करवून घेतं, याकडे बोट दाखवणारी ही युक्ती दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि अत्यंत कर्मठ वेदवाद्यांची. तेव्हा ‘कथेचं काम काय’ असं विचारणं म्हणजे पाश्चात्त्य चष्मा, हा आरोप निदान मला लावू नये.

पाश्चात्त्यांनी विचारलं तेही कामाचंच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथं प्रत्येक कुळाची एक उत्पत्तिकथा होती. आमचा पूर्वज अमुक ठिकाणच्या भोकातून जमिनीवर आला, म्हणून ही बाग, ही जमीन, हा मान आमचा. मालिनोव्स्कीच्या लक्षात आलं की ही माणसं जगाचं कोडं सोडवायला या कथा सांगत नव्हती. वाद आला की ती कथा पुढे करत, जशी आपण कागदपत्रांची पिशवी पुढे करतो. त्यानं कथेला सनद म्हटलं. या एका शब्दानं किती गोष्टी उलगडतात! अथेन्सचे नागरिक सांगत, की आमचे पूर्वज कुठून आले नाहीत, ते याच मातीतून उगवले. ऐकायला गोड. पण इ. स. पू. ४५१ मध्ये आई आणि बाप दोघंही अथेनियन असतील त्यालाच नागरिक मानण्याचा कायदा तिथं झाला, तेव्हा या गोड कथेच्या शेजारी तो किती सहज बसला असेल! पिढ्यान्‌पिढ्या तिथं राबणारे परके परकेच राहिले. ते मातीतून उगवले नव्हते ना.

आता आपल्या दारात या. अंजनेरी हे हनुमानाचं जन्मस्थान, असं आपण त्र्यंबकच्या रस्त्यानं जाताना डावीकडच्या डोंगराकडे बघून पाहुण्यांना सांगतो. २०२१ मध्ये तिरुपतीच्या देवस्थानानं ते तिरुमलाच्या अंजनाद्रीवर असल्याचं जाहीर केलं. कर्नाटकातल्या किष्किंधेचा दावा होताच, झारखंडात गुमला जिल्ह्यातलं आंजनही आहे. ३१ मे २०२२ ला नाशिकरोडला यावर शास्त्रार्थ ठेवला. सुरुवात झाली ती कोण वर बसणार आणि कोण खाली यावरून, आणि शेवट माईक उगारण्यापर्यंत गेला. सगळ्यांनी हसून घेतलं. मला मात्र ती सभा फार प्रामाणिक वाटली. भांडण जन्मस्थानाचं होतं, पण जन्माबद्दल कुणालाच काही नवं कळायचं नव्हतं. प्रश्न आसनाचा होता, मानाचा होता, पुढं येणाऱ्या यात्रेकरूंचा होता. ट्रोब्रियांडचा एखादा म्हातारा तिथं असता तर त्यानं लगेच ओळखलं असतं, की पिशवीतून सनदा निघाल्यात. आपण मात्र दुसऱ्या दिवशी श्लोक कुणाचा बरोबर यावर चर्चा करत बसलो.

इथं बुद्धिवादी मित्र मला अडवतात, आणि त्यांचं म्हणणं मला झटकता येत नाही. ते म्हणतात, ‘काम’ बघा म्हणून तुम्ही खऱ्याखोट्याला सुट्टी देता, आणि त्यात नुकसान होतं. नाशिकमध्ये याचा सगळ्यात मोठा पुरावा मुंबई-आग्रा रस्त्यालगत डोंगरात कोरलेला आहे. त्रिरश्मी डोंगरातल्या चोवीस लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. ती बौद्ध भिक्खूंची. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं लिहून ठेवलंय, की भिक्खूंच्या चीवरांसाठी गोवर्धनमधल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, दरमहा शेकडा एक व्याजानं ठेवली, आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, पाऊण टक्क्यानं. आपल्या भाषेत सांगायचं तर मुदत ठेव, व्याजदरासकट, दगडावर. कोष्ट्यांच्या संघटनेवर एका राजघराण्याचा एवढा भरवसा! ‘भीमानं एका रात्रीत कोरली’ म्हटलं की हे विणकर, हे भिक्खू, हे छिन्नी चालवणारे हात, सगळे एका फुंकरीत पुसले जातात. हे मला मान्य आहे, आणि म्हणून मी रेघ इथं ओढतो. कथा जोवर ओठांवर आहे तोवर तिला अर्थ विचारा. ती सातबाऱ्यावर चढायला निघाली की पुरावा मागा. दगड कुणाचा, जमीन कुणाची, कुठलं साल, यावर इतिहासकाराचा शब्द शेवटचा. गोष्टीला तिथं मत नाही.

पण त्याच डोंगरात आणखी एक लेख आहे, तोही वाचायला हवा. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेनं आपल्या गेलेल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरून घेतली. लेणं दिलंय बौद्ध भिक्खुसंघाला. आणि मुलाचा पराक्रम सांगताना ती म्हणते, राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा. म्हणजे ज्या डोंगराला ‘पांडवांचा नाही’ म्हणून आपण सोडवतो, त्या डोंगरात अर्जुन आणि भीम अठराएकशे वर्षांपूर्वीपासून आहेतच, मालक म्हणून नव्हे तर माप म्हणून. आईला मुलगा केवढा होता हे सांगायचं होतं, आणि सांगायला त्या काळात सगळ्यांना ठाऊक असलेलं माप तेच होतं. गोदाकाठच्या माणसाला यात नवल वाटू नये. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्युसेकचे आकडे नंतर बघतो, आधी विचारतो, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?’ मूर्तीच्या गुडघ्याला लागलं म्हणजे काठावरच्या टपऱ्या हलवायच्या, छातीला आलं की सराफ बाजारातले दुकानदार शटरजवळ जाऊन उभे राहतात. हा मारुती खरोखर होता का, असं पुरात कुणी विचारत नाही. विचारणाऱ्याचा माल भिजेल.

बुद्धिवाद्यांचा दुसरा आक्षेप पहिल्याहून जड आहे. कथा माप असेल, आठवण असेल, पण ती बेडीही असते. मग तिला नवा अर्थ देत बसण्यापेक्षा सोडून का देऊ नये? हा प्रश्न नाशिकमध्ये पुस्तकातून येत नाही, काळाराम मंदिराच्या दारातून येतो. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्रीपुरुष त्या दारांसमोर बसले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. पाच वर्षं गेली, दार उघडलं नाही. आत होता शबरीची उष्टी बोरं खाणारा राम! कीर्तनात ती बोरं ऐकून डोळे पुसणाऱ्यांनीच बाहेर दार लावून धरलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. ‘कथेचा उदात्त अर्थ लावा’ असं सांगणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे दार रोज एकदा आठवावं. अर्थ कितीही उदात्त लावला तरी कडी आतूनच असते. आणि शबरीच्या रामाबरोबर उत्तरकांडात तप करणाऱ्या शूद्र शंबूकाला मारणारा रामही आहेच. सनद म्हणून कोणता काढायचा हे ज्याच्या हातात पिशवी तो ठरवतो.

तरीही ‘सोडून द्या’ हे उत्तर मला अपुरं वाटतं, आणि त्याला साक्षीदार म्हणून मी खुद्द आंबेडकरांनाच बोलावतो. धम्माकडे वळल्यावर त्यांनी कथा टाकल्या नाहीत, तपासल्या. सिद्धार्थानं म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि घर सोडलं, ही जगभर चालणारी गोष्ट ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही म्हणाले. इथवर आमचे पुरावावाले काका टाळ्या वाजवतील. पण आंबेडकर जागा रिकामी सोडून उठले नाहीत. त्यांनी तिथं रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला तंटा आणून ठेवला. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, शाक्यांच्या संघात एकटा पडतो आणि घर सोडतो. एका कथेत माणूस मरणाच्या भीतीनं निघतो, दुसरीत पाण्यासाठी होणारं रक्त नको म्हणून. दोन्हींतून घडणारा समाज एकच असेल का? जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की नाशिक-नगर आणि मराठवाडा एकमेकांकडे कसे बघतात हे ठाऊक असलेल्या वाचकाला यावर अधिक सांगायला नको.

जोतीरावांनीही हेच केलं होतं, त्याच्या कितीतरी आधी. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त वामनाची गोष्ट उलटी करून बळीला त्यांनी या भूमीचा न्यायी राजा ठरवलं. त्यातला इतिहास आज कुणी इतिहास म्हणून मान्य करणार नाही, आणि तिथं मी वर ओढलेली रेघ जोतीरावांनाही लागू आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पण त्यांना हे बळ कुठून मिळालं? पोथीत वामन जिंकतो. घराघरांत मात्र ओवाळताना बायका म्हणत आल्या, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ हरलेल्याचं राज्य परत यावं, असं जिंकलेल्याच्या सणात, वर्षानुवर्षं, तबक हातात घेऊन! पोथीवर इतकी शांत टीका मी दुसरी ऐकलेली नाही. कथा सोडून दिली असती तर ही ओळही गेली असती. बरं, आपण सोडली म्हणून ती पडून थोडीच राहते? दुसरं कुणीतरी उचलतं, आणि उचलणारा सहसा आपल्याइतका संकोची नसतो.

श्रद्धावानांचं एक म्हणणं राहिलं, ते मला सगळ्यात अवघड जातं. माझी आई शेवटपर्यंत एकादशीला रामकुंडावर जायची. तिला मी सांगितलं असतं की राम हे एक सामाजिक कार्य करणारं मिथक आहे, तर तिनं काही न बोलता माझ्या हातावर प्रसाद ठेवला असता, आणि तो पराभव माझाच असता. आतून जगणाऱ्याला बाहेरून ‘कार्य’ शिकवणं यात एक उद्धटपणा आहे, कबूल. पण तिची श्रद्धा सेतूच्या उपग्रहचित्रावर टेकलेली नव्हती, हेही मी तेवढंच पाहिलंय. चित्र ज्यांना लागतं त्यांची श्रद्धा मला थोडी आजारी वाटते. प्रयोगशाळेचा दाखला मागणारा भक्त नकळत प्रयोगशाळेलाच देवापेक्षा वरचं आसन देतो. कथांत खऱ्या घटना साठलेल्या असतात, हा त्यांचा दावा मात्र मी हसून सोडणार नाही. सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचं बेट आहे. १९०७ मध्ये तिथं त्सुनामी आली. ‘समुद्र अचानक मागं हटला की डोंगराकडे पळा’ ही गोष्ट ‘स्मोंग’ या नावानं लोक अंगाईतून, गाण्यांतून सांगत राहिले. २६ डिसेंबर २००४ ला समुद्र मागं हटला, आणि भूकंपाच्या इतक्या जवळ असूनही बेटावरचे मृत्यू बोटांवर मोजण्याइतके राहिले. त्या सकाळी १९०७ चा दाखला कुणी मागितला नाही, पण तो दाखवूनही कुणी जीव वाचवला नाही. सत्त्याण्णव वर्षं न कंटाळता कुणी तरी पोरांना ते ऐकवत राहिलं होतं.

म्हणूनच तपोवनाच्या झाडांवरून झालेला वाद मला आपल्या नेहमीच्या वादांपेक्षा बरा वाटला. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तिथली झाडं काढायचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस आला आणि शहर रस्त्यावर उतरलं. झाडांना मिठी मारणाऱ्यांत देव न मानणारे होते, वारकरी होते, शाळकरी मुलं होती. ‘रामाच्या तपोवनात कुऱ्हाड?’ असं देव न मानणारेच अधिक जोरात म्हणत होते. काहींना हा दांभिकपणा वाटला. मला वाटला नाही. राम तिथं राहिला होता का, हा प्रश्न कुणी काढला नाही, कारण सगळ्यांना कळत होतं की प्रश्न झाडांचा आहे. दोन कथा समोरासमोर उभ्या होत्या, अमृताच्या थेंबाची आणि वनवासाची, आणि लोक विचारत होते, यातली कोणती आज आपल्याला शहाणं करते? (थेंबांचं म्हणाल तर महाभारताच्या आदिपर्वात समुद्रमंथन आहे, चार ठिकाणी सांडलेले थेंब नाहीत. मेळा आणि कथा यांत आधी कोण, हा प्रश्न अंडं-कोंबडीपेक्षा सोपा असावा.) मला तिसरीही आठवत होती, गौतम ऋषींची. दुष्काळात गौतम रोज पेरून सगळ्यांना जेवू घालत होते, हेव्यातून त्यांच्यावर गोहत्येचा आळ घातला गेला, आणि त्या पापाच्या क्षालनासाठी त्यांनी ब्रह्मगिरीवर नदी उतरवली. म्हणजे गोदावरी, तिच्याच कथेप्रमाणे, एका माणसाच्या अपराधाच्या जाणिवेतून वाहू लागली. त्याच नदीच्या कुंडांच्या तळाशी आपण काँक्रीट ओतलं आणि जिवंत झरे बुजवले. ते फोडा म्हणून लोक वर्षानुवर्षं अर्ज करताहेत. गौतमाची कथा कार्यालयातल्या फायलीला जोडता येत नाही. अर्ज करणाऱ्याला उठवून उभं मात्र करते.

राहता राहिली शूर्पणखा. एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन राजा कण्हाच्या काळातल्या लेखात नासिकच्या महामात्राचा उल्लेख आहे, तेव्हा नाव दोन हजार वर्षं जुनं आहे एवढं दगड सांगतो. का पडलं ते सांगत नाही, आणि ‘नवशिख’सुद्धा मला मागाहून जुळवलेलं वाटतं. पण वाल्मीकींच्या अरण्यकांडात एक जागा आहे. प्रेम मागायला आलेल्या शूर्पणखेला राम थट्टेनं लक्ष्मणाकडे पाठवतो आणि त्याला ‘अकृतदार’ म्हणतो, म्हणजे लग्न न झालेला. ऊर्मिला अयोध्येत असताना! या एका शब्दानं जुन्या टीकाकारांना घाम फुटला. ‘बायको सोबत नसलेला’ असा अर्थ लावून त्यांनी वेळ निभावली. रामावर निस्सीम भक्ती असलेल्या त्या पंडितांना ही थट्टा टोचली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. मग आपल्याला, तिच्या नाकावरून गावाचं नाव सांगणाऱ्यांना, काहीच का टोचू नये?

यंदा प्रश्न काढायचं काम फिरत फिरत माझ्याकडे आलंय. पाचवी ते सातवीच्या गटासाठी मी शेवटचा प्रश्न लिहिलाय, ‘पंचवटीत काय घडलं ते शूर्पणखेच्या शब्दांत पाच वाक्यांत सांगा.’ गुण दहा. दोन्ही काका परीक्षक आहेतच. कागद अजून त्यांना दाखवलेला नाही.